शेक्सपिअर इन द पार्क

न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्क या सार्वजनिक उद्यानात उन्हाळ्यात होणारे मोफत नाट्यप्रयोग. निर्माते-दिग्दर्शक जोसेफ पॅप (१९२१–१९९१) यांनी सुरू केलेले हे प्रयोग १९६२ पासून उद्यानातल्या डेलाकोर्ट थिएटर या खुल्या नाट्यगृहात होतात.

पॅप ब्रुकलिनमधल्या गरीब ज्यू स्थलांतरितांच्या घरात वाढले. वडील ट्रंका बनवत. शेक्सपिअर पॅप यांच्या हाती लागला तो सार्वजनिक वाचनालयात. पुस्तक जसे कुणालाही पैसे न देता वाचायला मिळते तसेच नाटकही पाहायला मिळावे, हा त्यांचा आग्रह तिथूनच आलेला. १९५४ मध्ये एका चर्चच्या जागेत त्यांनी नाट्यमंडळी उभी केली, १९५६ मध्ये ईस्ट रिव्हर पार्कच्या खुल्या रंगमंचावर ‘ज्युलियस सीझर’ केले आणि पुढच्या वर्षी ट्रकवरचा फिरता रंगमंच घेऊन शहरातल्या बागा पालथ्या घातल्या. हा ट्रक सेंट्रल पार्कातल्या तळ्याजवळ बंद पडला आणि मंडळींनी तिथेच मुक्काम ठोकला, असे सांगतात.

१९५९ मध्ये या प्रयोगांवर गदा आली. प्रेक्षकांच्या पायांखाली हिरवळ मरते, तिच्या खर्चासाठी तिकीट लावा, अशी अट उद्यान आयुक्त रॉबर्ट मोझेस यांनी घातली. निम्मे शहर नव्याने आखणाऱ्या मोझेस यांच्याशी वैर घेण्याची हिंमत त्या काळी फार थोड्यांत होती. पॅप कोर्टात गेले. एक-दोन डॉलरची रक्कम किरकोळ वाटेल. पण ज्यांनी आयुष्यात नाटक पाहिलेले नाही, ते नेमके याच रकमेपाशी अडतात, हे पॅप यांना पक्के ठाऊक होते. खालच्या न्यायालयात ते हरले. अपिलात मात्र मोझेस यांची अट मनमानी ठरली आणि त्याच उन्हाळ्यात प्रयोग झाले, तेही विनातिकीट. पुढे कायमस्वरूपी नाट्यगृहासाठी शहराकडे पैसा मागितला तो खुद्द मोझेस यांनीच!

प्रकाशक जॉर्ज डेलाकोर्ट यांच्या देणगीचा हातभार लागून हे नाट्यगृह उभे राहिले. जून १९६२ मध्ये ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’ने पडदा उघडला, शायलॉकच्या भूमिकेत होते जॉर्ज सी. स्कॉट. रंगमंचामागे तळे आणि टेकडीवरचा बेल्व्हेडेअर कॅसल. आसने सुमारे १,८००. पाऊस आला की प्रयोग थांबतो, डोक्यावरून विमान गेले की संवाद बुडतो आणि कधी एखादा रॅकून खुशाल रंगमंच ओलांडून जातो.

तिकिटाला पैसे नसले तरी वेळ द्यावा लागतो. दुपारी वाटल्या जाणाऱ्या तिकिटांसाठी लोक पहाटेच येऊन रांगेत चादरी अंथरतात, डबे उघडतात, अनोळखी शेजाऱ्याला जागा धरायला सांगून पाय मोकळे करून येतात.

नामवंत कलावंत इथे नेहमीच येत आले. मेरिल स्ट्रीप आणि राउल हुलिया यांचे १९७८ चे ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ अजून आठवले जाते. तरीही पॅप यांच्या विचाराला खरे फळ आले ते त्यांच्या मागे, २०१३ मध्ये. ‘पब्लिक वर्क्स’ या उपक्रमातल्या ‘द टेम्पेस्ट’मध्ये घरकामगार संघटनेचे सदस्य, तुरुंगातून सुटून नव्याने उभे राहणारी माणसे, वस्त्यांमधली मुले आणि ज्येष्ठ नागरिक असे सुमारे २०० हौशी शहरवासी व्यावसायिक नटांबरोबर रंगमंचावर उतरले. प्रेक्षागृहात बसायचा हक्क आता रंगमंचापर्यंत पोचला होता.

मोठ्या नूतनीकरणानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये डेलाकोर्ट ‘ट्वेल्थ नाइट’ने पुन्हा सुरू झाले. दर्शनी भागाला शहरातल्या इमारतींवरच्या जुन्या पाण्याच्या टाक्यांचे लाकूड लावले आहे. तिकीट अजूनही मोफतच आहे.