दहावा रस

आमच्या रसायनीचं नाव कारखान्यांवरून पडलं, नाट्यशास्त्रावरून नव्हे. हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सने इथे रसायनं केली. भरतमुनी काही पाताळगंगेवर आले नव्हते. तरी रसांवर चार शब्द बोलायचा हक्क गावाच्या नावातच आहे, असं मी बी.कॉम. असूनही मानतो.

हल्लीची मुलं मोबाईलवर कुणा अनोळखी इसमाला गेम खेळताना थेट पाहतात. बाजूला हजारो प्रेक्षकांच्या ओळी पुरासारख्या वाहतात. वाचायला सवड कुणाला? म्हणून शब्दांऐवजी टिकलीएवढी चित्रं. मांजर मान डोलावतं, बेडूक रडतो. यांना 'इमोट' म्हणतात.

मूळ जुनं आहे. 19 सप्टेंबर 1982 रोजी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फालमन यांनी सुचवलं, की संगणकावर थट्टा केली तर पुढे कोलन, डॅश आणि कंस काढावा. विनोदाला पाटी लावावी लागते हे वाचून मला फार धीर आला.

पुढे 'जस्टिन टीव्ही'वर (आजच्या ट्विचचं माहेर) जोश डिसिनो नावाच्या नोकरदाराने स्वतःचाच करडा चेहरा त्या चित्रांत घुसडला. नाव दिलं 'कप्पा', जपानी पाणभुतावरून. वाक्यापुढे कप्पा आला, की ते खरं धरायचं नाही! असा शिक्का बँकेत हवा होता. 'पुढच्या महिन्यात हप्ता नक्की भरतो' यापुढे मारायला.

हलत्या चित्रांत नाचरा पोपट प्रसिद्ध. 2009 साली बीबीसीच्या कार्यक्रमात न्यूझीलंडचा सिरोको नावाचा काकापो प्राणिशास्त्रज्ञाच्या मानेवर चढून नको ती प्रियाराधना करू लागला. पोपटामुळे शास्त्रज्ञाचा पोपट झाला, आणि त्यावरूनच ते रंगीत, डोलणारं चित्र निघालं. खुद्द ट्विचने हलत्या इमोटना परवानगी दिली ती 2021 मध्ये.

आपल्याला यात नवल नसावं. संगीत नाटकात 'वन्स मोअर'चा गजर झाला, की नटाला तेच पद पुन्हा म्हणावं लागे. तमाशात फेटे उडत. फेटा हलतो, म्हणजे इमोटच की! फरक एवढाच, की फेटा उडवणाऱ्याचं तोंड दिसायचं.

परवा बारावीचा निकाल लागला. चिरंजिवांनी आतल्या खोलीतून माझ्या मोबाईलवर तो रडका बेडूक पाठवला. तिकडे तो बहुतेकदा थट्टेनेच वापरतात म्हणे. मी दोन कप चहा ठेवला आणि दार वाजवलं.