फायर एनओसीचा पूर्वज

आग लागल्यावर बंब बोलवायचा, हे सगळ्यांना पटते. पण आग लागलेलीच नसताना अग्निशमन दलाने येऊन जिना किती रुंद, टाकीत पाणी किती, दार कुठल्या बाजूला उघडते हे कशाला पाहायचे? सोसायटीच्या सभेत फायर एनओसीचा विषय निघाला की कुणीतरी काका हा प्रश्न हमखास विचारतात. लंडनच्या गोदीतल्या व्यापाऱ्यांचे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचे वागणे याच मताचे होते. त्यांच्याशी ज्याची गाठ पडली तो जेम्स ब्रेडवुड आज आपल्याकडे कुणाला ठाऊक नसतो. पण आग विझवणाऱ्याने इमारतीबद्दलही बोलावे, या रिवाजाचे कूळ शोधत गेले की त्याच्यापाशी थांबावे लागते.

त्याच्या आधी भिंती पाहणारे वेगळे आणि आग पाहणारे वेगळे होते. १६६६ च्या महाआगीनंतर लंडनमध्ये घरे विटांची किंवा दगडाचीच बांधायची असा कायदा झाला. १७७४ च्या कायद्याने शेजारच्या घरांमधली सामाईक भिंत किती जाड असावी हेही ठरवले. हे काम मोजणीदारांचे. आग विझवणे हा मात्र विमा कंपन्यांचा धंदा होता. प्रत्येक कंपनीचे बंब आपले, माणसे आपली, आणि विमा उतरवलेल्या घराच्या दर्शनी भिंतीवर आपल्या चिन्हाचा बिल्ला. माणसे बरीचशी थेम्सवरचे नावाडी. एरवी होडी वल्हवायची आणि बोलावणे आले की बंबाकडे पळायचे.

ब्रेडवुडचा जन्म १८०० सालचा, एडिनबरोचा. वडील फर्निचरचा आणि बांधकामाचा धंदा करणारे. त्यामुळे भिंत कशी उभी राहते, तुळई कुठे टेकते, हे पोराने लहानपणापासून पाहिलेले. १८२४ मध्ये एडिनबरोने शहराचे म्हणून अग्निशमन दल उभारले आणि चोवीस वर्षांच्या या तरुणाला त्याचा प्रमुख केले. अजून दल नीट बसलेही नव्हते तोच नोव्हेंबरमध्ये जुन्या शहरात आग भडकली. ती काही दिवस चालली, शेकडो कुटुंबे रस्त्यावर आली आणि ट्रॉन चर्चचा मनोरा जळून कोसळला. आगीइतकाच त्रास हुकूम देणाऱ्यांचा झाला. नगरपालिकेचे मानकरी, न्यायाधिकारी, सगळेच ओरडून आज्ञा सोडत होते. आगीच्या जागी एकाचाच हुकूम चालेल आणि तो दलाच्या प्रमुखाचा, हे त्या होळीनंतर ठरले.

मग त्याने माणसे निवडली ती कसबावरून: छपरे शाकारणारे, सुतार, गवंडी, नळकाम करणारे. छपरावर कुठे पाय ठेवायचा आणि कुठली फळी उचकटायची हे ज्याला कामातूनच कळते, त्याला वेगळे शिकवावे लागत नाही. सराव आठवड्यातून एकदा, तोही पहाटे चार वाजता. त्या वेळी रस्ते मोकळे असतात आणि अंधारात साधने हाताळायची सवय होते, असा त्याचा हिशेब होता.

त्याची सगळ्यात मोठी शिकवण आत शिरण्याची. तोवर रस्त्यावर उभे राहून खिडकीतून पाण्याची धार मारायची पद्धत होती. त्यातले बहुतेक पाणी भिंतीवर किंवा धुरात जाते, आगीपर्यंत पोचतच नाही. ब्रेडवुडचे म्हणणे, धार जळत्या वस्तूवरच पडली पाहिजे आणि त्यासाठी घरात गेले पाहिजे. आत एकट्याने जायचे नाही, सोबती हवाच. धूर दाटला तर गुडघ्यांवर यायचे, कारण जमिनीलगत श्वास घेण्याजोगी हवा उरलेली असते. आजही जवानांना हेच शिकवतात. ब्रेडवुडने ते १८३० मध्ये पुस्तकात लिहून ठेवले.

१८३३ मध्ये लंडनच्या दहा विमा कंपन्यांनी आपापले बंब एकत्र केले आणि ब्रेडवुडला बोलावून घेतले. एवढ्या अवाढव्य शहरासाठी सुमारे ऐंशी माणसे. इथे त्याने खलाशांना पसंती दिली. त्यांना उंचीची भीती नसते, रात्री-अपरात्री उठायची सवय असते आणि हुकूम ऐकून घ्यायचीही. पण मालक विमा कंपन्या होत्या आणि त्यांना काळजी विमा उतरवलेल्या मालाची. जळत्या घरातून माणसे खाली आणायच्या चाकांच्या उंच शिड्या वेगळ्याच एका धर्मादाय संस्थेकडे होत्या. म्हणजे कापडाचे गठ्ठे वाचवणे हा धंदा आणि जीव वाचवणे हे दानधर्माचे काम. ब्रेडवुडच्या माणसांनी ही वाटणी प्रत्यक्षात फारशी मानली नाही, एवढे खरे.

तो सर्वज्ञ होता असे नाही. वाफेवर चालणारा बंब लंडनमध्ये १८३० च्या सुमारासच तयार झाला होता, पण ब्रेडवुड बरीच वर्षे हातबंबालाच चिकटून राहिला. बघ्यांना तासाचे पैसे आणि बिअर देऊन दांडे मारायला लावायचे, अशी ती पद्धत. वाफेची धार फार जोराची, ती हाती आली की माणसे पुन्हा लांबूनच पाणी मारू लागतील, अशी त्याला भीती होती. आपल्याच शिकवणीच्या प्रेमात पडलेल्या माणसाचा हा हट्ट. अखेर १८६० मध्ये त्याने वाफेचा बंब भाड्याने घेतला.

आत शिरायचे म्हटल्यावर इमारतीचा प्रश्न आपोआप आला. त्या काळी कारखाने आणि वखारी ओतीव लोखंडाच्या खांबांवर आणि तुळयांवर उभ्या राहत होत्या. लोखंड जळत नाही, म्हणून या इमारती ‘अग्निरोधक’ म्हणून मिरवत. पण आत साठवलेला माल जळतो ना! त्या तापाने तुळया फुगतात आणि भिंतींना बाहेर ढकलतात. तापलेल्या खांबावर गार पाणी पडले तर तो तडकतो आणि वरचे मजले एका क्षणात खाली येतात. जाड लाकडी खांब बाहेरून कोळसा होत जातो, सावकाश हार मानतो, आतल्या माणसाला बाहेर पडायला वेळ देतो. १८४९ मध्ये ब्रेडवुडने लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेत याच विषयावर निबंध वाचला. बांधणाऱ्यांच्या सभेत एका विझवणाऱ्याने उभे राहून तुमच्या इमारती आमच्या माणसांवर पडतील असे सांगणे, ही माझ्या मते या कुळातली पहिली ठळक नोंद.

दुसरा मुद्दा आकाराचा. वखार जितकी मोठी आणि सलग, तितकी तिच्यातली आग हाताबाहेरची. त्यावर उपाय एकच, जाड भिंती घालून तिचे कप्पे पाडायचे. १८५५ च्या लंडनच्या इमारत कायद्याने वखारीच्या एका कप्प्याला २,१६,००० घनफुटांची मर्यादा घातली. साठ फूट लांब, साठ फूट रुंद, साठ फूट उंच. पण मालाची ने-आण सोयीची व्हावी म्हणून मधल्या भिंतींत दारे लागतातच, ती लोखंडी असायची. आणि दार काही स्वतःहून लागत नाही.

२२ जून १८६१, शनिवार. थेम्सच्या दक्षिण काठावर टूली स्ट्रीटच्या वखारींत संध्याकाळी आग दिसली. आत ताग, कापूस, साखर, चरबी, मसाले. ताग म्हणजे त्या काळी बंगालचाच. कप्प्यांमधली लोखंडी दारे उघडी राहिली होती. ज्या भिंतींनी आग अडवायची, त्यांच्यातूनच ती आरामात पुढे गेली. वितळलेली चरबी जळत जळत नदीत उतरली. थकलेल्या जवानांना घोटभर ब्रँडी देत ब्रेडवुड फिरत होता, तेवढ्यात एक भिंत रस्त्यावर कोसळली आणि तो तिच्याखाली गेला. मृतदेह ढिगाऱ्यातून काढायला दोन दिवस लागले. त्याच्या अंत्ययात्रेची रांग दीड मैल लांब होती. आग मात्र पुढे दोन आठवडे धुमसत राहिली. नुकसान सुमारे वीस लाख पौंडांचे.

ब्रेडवुडच्या निबंधाने जे झाले नाही ते या आकड्याने झाले. विमा कंपन्यांनी हप्ते वाढवले, व्यापारी ओरडले, आणि शहराच्या आगी विझवणे आता आमचे काम नाही असे कंपन्यांनी सरकारला कळवले. १८६५ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १८६६ पासून लंडनचे दल सार्वजनिक झाले. ब्रेडवुडच्या जागी आलेल्या एअर मॅसी शॉने १८७६ मध्ये नाट्यगृहांतल्या आगींवर पुस्तक लिहिले. विझवणाऱ्याचा विषय वखारीतल्या मालावरून प्रेक्षकांच्या जिवावर आला.

आपल्याकडे मुंबईत १८०३ च्या आगीने फोर्टचा मोठा भाग जाळला होता, पण महापालिकेचे अग्निशमन दल उभे राहायला १८८७ उजाडले. १४ एप्रिल १९४४ रोजी गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली तेव्हा कापसाचे गठ्ठे आणि स्फोटके एकाच जहाजात भरलेली होती. स्फोटांत ६६ जवान गेले. जहाजात काय कशाशेजारी ठेवायचे, हे ठरवताना त्यांना कुणी विचारले नव्हते.

आज महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. उपाययोजना धड नसतील तर इमारतीची वीज आणि पाणी तोडायला लावण्याचा अधिकार त्यात अग्निशमन अधिकाऱ्याला आहे. टूली स्ट्रीटची दारे बंद करायला लावण्याचाही अधिकार ब्रेडवुडला नव्हता. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. ते देते परवानाधारक एजन्सी, आणि तिला पैसे देते ती इमारतच. म्हणजे ब्रेडवुडचा पगार विमा कंपन्या देत होत्या तेव्हाची अडचण आपण पुरती सोडवलेली नाही.