वाऱ्याची मोट

किर्लोस्कर हे नाव मराठी शेतकऱ्याला नांगराने आणि मराठी वाचकाला मासिकाने परिचित करून दिले. १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले, त्याची कथा साहित्यप्रेमी आवडीने सांगतात. परंतु त्याच उद्योगसमूहाने १९५८ साली पुण्यास स्थापिलेल्या किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनीची आठवण आम्हां वाङ्मयभक्तांना सहसा होत नाही. हवा दाबणारे कॉम्प्रेसर आणि त्या हवेवर चालणारी अवजारे घडविणे हे तिचे आरंभीचे कार्य. अशक्य उद्योगाला आपण 'वाऱ्याची मोट बांधणे' म्हणतो. हडपसरच्या कारखान्याने तोच उद्योग पत्करला.

हे काम दिसते त्याहून कठीण आहे. हवा दाबली की तापते, आणि तापलेली हवा दाबण्यास शक्ती अधिक लागते. म्हणून मोठ्या यंत्रात ती एका सिलिंडरात काहीशी दाबून, मध्ये निववून, दुसऱ्या सिलिंडरात पुन्हा दाबतात. झडप नीट बसली नाही किंवा दट्ट्याची कडी झिजली, की कमावलेला दाब निसटतो. तेव्हा ओतकामाची व मोजमापाची अचूकता हेच अशा कारखान्याचे खरे भांडवल होय.

या हवेची गरज किती होती, हे समजण्यास बंगालबाहेर जावयास नको. १९५८ च्याच फेब्रुवारीत आसनसोलजवळच्या चिनाकुरी खाणीत स्फोट होऊन सुमारे पावणेदोनशे माणसे दगावली. ज्वालाग्राही वायूच्या खाणीत विजेची एक ठिणगी घात करू शकते. हवेवर चालणाऱ्या छिद्रकाला विजेची गरजच नसते. दुर्गापूरचा पोलाद कारखाना याच सुमारास उभा राहत होता. आम्ही राहतो ते सॉल्ट लेकही त्याच काळातले. बिधानचंद्र रॉय यांच्या कारकीर्दीत, १९६२ साली, हुगळीचा गाळ नळांतून आणून ही दलदल भरण्यास आरंभ झाला, आणि ते काम युगोस्लाव कंपनीकडे गेले. देशाला यंत्रे हवी होती, पण यंत्रविद्या बाहेरून आणावी लागत होती.

अशा काळी स्वदेशी यंत्रोद्योग वाढला, त्याचे सारे श्रेय कर्तबगारीला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयातीवर कडक निर्बंध आले, आणि १९५१ च्या उद्योगविषयक कायद्याने नव्या कारखान्याला परवाना आवश्यक केला होता. बाहेरचा प्रतिस्पर्धी दाराशी अडला, आतला मोजकाच राहिला. खरी कसोटी पुढे लागली. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा भाव ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला; पंचवार्षिक योजना थांबली, यंत्रांची मागणी आटली. त्या ओढीतून कंपनी टिकून राहिली. शीतकरणाचे कॉम्प्रेसर, रेल्वेच्या डीझेल इंजिनांची गतिप्रेषण-यंत्रणा हीही पुढे तिच्या कामांत आली. बंद दाराआड जे शिकले गेले, ते दार उघडल्यावरही उपयोगी पडले, एवढे श्रेय निःशंकपणे देता येते.

हा इतिहास अर्धा कारखान्यात घडला, अर्धा कचेरीत. परवान्याचे अर्ज, त्यांवरील शेरे, नकारांची कारणे आपल्यासारख्यांच्याच कपाटांत पडून असतात. कालबाह्य म्हणून त्या फायली निकालात काढण्यापूर्वी एकदा चाळाव्यात, एवढी आमची वाचकांस विनंती आहे. नफातोट्याचा हिशेब कंपन्या जपतातच. देशाने कोणाला का वाढू दिले, याचा हिशेब आपणच जपावयास हवा.