मुंबई की पुणे : एक जुना हिशेब

आपल्या मंडळातील भगिनींना माहेर विचारीत गेले, तर मूळच्या पुणेकर थोड्याच निघतील. कोणी कोकणातून, कोणी वऱ्हाडातून, कोणी बेळगावाकडून लग्नानंतर येथे आलेल्या. आणि आता आपल्याच मुली-सुना नोकरीसाठी बंगलोर-हैदराबादेस निघाल्या आहेत. ‘जावे की राहावे?’ ही चर्चा घरोघर चालते. घरभाडे, पाणी, हवा, मुलांची शाळा यांचे आकडे मांडले जातात. अशा वेळी मला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे काही हिशेब आठवतात. ते आपल्या पुण्याशीच निगडित आहेत, म्हणून येथे सांगते.

पूर्वी बायकांना हा प्रश्न कोणी विचारीतच नसे. नवऱ्याची बदली झाली की ट्रंका व भांडीकुंडी यांबरोबर तीही निघे. त्या काळात पंडिता रमाबाईंनी स्वतःच्या विचाराने एक आख्खी संस्था एका शहरातून दुसऱ्या शहरात हलविली, ही गोष्ट लहान नव्हे. 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईस विधवांसाठी शारदा सदन उघडले आणि पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 1890 मध्ये, ते पुण्यास आणले.

मुंबईच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ होते. नव्या विचारांची माणसे तेथे अधिक आणि शेजारी कोण काय करतो याची चौकशी कमी. पण राहण्याचा खर्च फार. अमेरिकेतील मंडळींनी दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले होते. तो पैसा भाड्यात घालविणे परवडणारे नव्हते. पुण्यात खर्च कमी आणि हवा चांगली. रमाबाईंना पुणे नवीनही नव्हते. 1882 साली त्यांनी आर्य महिला समाज येथेच स्थापन केला होता. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्यांचा आधारही मिळण्यासारखा होता. दुसऱ्या बाजूस एकच रकाना होता, पण तो जड होता. पुणे म्हणजे सनातनी मताचा बालेकिल्ला.

हा रकाना पुढे खरोखरच भारी ठरला. मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेस बसतात यावरून 1893 साली वादळ उठले. रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि कित्येक पालकांनी मुली परत नेल्या. तरी सदन मोडले नाही. पुढे प्लेगच्या दिवसांत रमाबाईंनी पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगावी बस्तान हलविले व तेथे मुक्ती सदन उभे राहिले. मग 1890 चा निर्णय चुकला म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. त्याचे कारण एका विद्यार्थिनीच्या हकीकतीत आहे.

शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे देवरुखची गोदूबाई. मुंबईस भावाचे बिऱ्हाड होते. ते सोडून ती सदनाबरोबर पुण्यास आली. पुढच्या वर्षी तिच्या भावाचे मित्र धोंडो केशव कर्वे यांच्यापुढे तोच प्रश्न उभा राहिला. मुंबईत दोन-तीन शाळांत शिकवून व शिकवण्या करून त्यांचा चरितार्थ बरा चालला होता. गोखल्यांकडून फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविण्याचे बोलावणे आले, तेव्हा दरमहा 75 रुपये आणि वीस वर्षांची बांधिलकी एवढेच पदरी पडणार होते. शिवाय त्याच 1891 साली त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या होत्या. निव्वळ रुपये-आण्यांत पाहिले, तर मुंबईच बरी. पण सकाळपासून रात्रीपर्यंत या शाळेतून त्या शाळेत धावण्याऐवजी एकाच कामाला वाहून घेण्याची संधी येथे होती. ते आले. 11 मार्च 1893 रोजी, शारदा सदनाच्याच वाढदिवशी, त्यांचा गोदूबाईशी पुनर्विवाह पुण्यात झाला. त्याच आपल्या आनंदीबाई कर्वे, सर्वांच्या बाया.

पुण्यातही कर्व्यांना आणखी एकदा बिऱ्हाड हलवावे लागले. 1896 साली सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम शहरात होता. प्लेग आला आणि 1900 साली आश्रम हिंगण्याच्या माळावर गेला. रावबहादूर गोखले यांनी जागा दिली होती. फायदा म्हणाल तर मोकळी हवा आणि टीकाकारांपासून थोडे अंतर. तोटा म्हणाल तर धड रस्ता नाही, दुकान नाही, वैद्य नाही. कॉलेजातले काम संपवून कर्वे चिखल तुडवीत तेथे जात. बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले लहान वयात वैधव्य येऊन आश्रमात आल्या होत्या. त्यांनी गावोगाव हिंडून आश्रमासाठी वर्गणी गोळा केली आणि पुढे त्या अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. देवरुखच्या स्वयंपाकघरात हे घडले असते काय?

त्या माळावर 1916 साली महिला विद्यापीठ सुरू झाले. वीस वर्षांनी, 1936 मध्ये, त्याचे मुख्य ठाणे मुंबईस गेले. रमाबाईंनी जी मुंबई खर्चासाठी सोडली, तीच विद्यापीठाला विस्तारासाठी सोयीची ठरली. हिंगण्याची संस्था मात्र जागीच वाढली. आज तिला महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था म्हणतात आणि माळाचे कर्वेनगर झाले आहे.

यावरून मला एवढेच दिसते की, कोणतेही शहर सर्वांना आणि सर्वकाळ चांगले नसते. भाडे-पाण्याचा हिशेब अवश्य मांडावा. रमाबाईंनीही तो मांडलाच होता. पण शेवटची ओळ अशी लिहावी की, ज्या कामासाठी आपण निघतो ते तेथे वाढेल काय? आणि अडचण आली, तर पाठीशी उभे राहणारे कोण आहेत? मान्यवरांनी हात काढून घेतले तेव्हा सदन टिकले, ते आत राहिलेल्या बायकांमुळे.

तिसरी गोष्ट विशेष महत्त्वाची. हा हिशेब जिला जायचे आहे तिच्या हाती असावा. घरात सून किंवा मुलगी ‘जाऊ का?’ असे विचारते, तेव्हा आपण पटकन उत्तर देऊन मोकळ्या होतो. त्याऐवजी तिला कागद-पेन्सिल द्यावी, आपला अनुभव सांगावा आणि बेरीज तिची तिला करू द्यावी. ती गेली, तर तेथील एखाद्या महिला मंडळाचा पत्ता तिच्या पिशवीत जरूर घालावा. परक्या गावात पहिल्या महिन्यात आधार देते ते असेच एखादे मंडळ, हे आपल्यापैकी बाहेरून आलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे.