गिरणगावांची जत्रा समुद्रावर

ऑगस्टचा शेवटचा शनिवार आला की ओल्डहॅममधल्या गिरण्यांचे भोंगे गप्प होत. लांब काठीने खिडकीच्या काचेवर टकटक करून पहाटे कामगारांना उठवणाऱ्या माणसालाही त्या आठवड्यात काम नसे. बॉयलर थंड करून आतून घासले जात, दुकानदार दारे लावून घेत आणि पत्र्याच्या ट्रंका, पिशव्या, पोरेबाळे घेऊन गल्ल्याच्या गल्ल्या रेल्वे स्टेशनाकडे लोटत. बहुतेकांचे तिकीट एकाच गावाचे असे, ते म्हणजे समुद्रकाठचे ब्लॅकपूल.

ही दोन्ही गावे इंग्लंडच्या वायव्येला असलेल्या लँकेशायर काउंटीतली. तिथल्या गिरणगावांत उन्हाळ्याची सुट्टी कुटुंब एकट्याने ठरवत नसे, सगळे शहर मिळून ठरवत असे. एरवी युरोपात समुद्रकाठची हवा खायला जाणे ही श्रीमंतांची आणि मध्यमवर्गाची चैन होती. दहा-दहा तास मागावर उभ्या राहणाऱ्या कामगारांनी ती आपल्या आटोक्यात आणली. विशेष म्हणजे त्या सुट्टीचा पगार त्यांना मिळत नव्हता.

या सुट्टीला तिकडे ‘वेक्स’ म्हणत. मुळात ती गावची जत्राच. गावातले चर्च ज्या संताच्या नावाने उभे असे, त्याच्या दिवसाची आदली रात्र लोक जागून काढत. मातीच्या जमिनीवर अंथरायला नवे लव्हाळे गाडीवर उंच रचून, वाजतगाजत चर्चमध्ये नेत. रॉचडेलची ही लव्हाळ्याची मिरवणूक प्रसिद्ध होती. पुढे कापडगिरण्या उभ्या राहिल्या, मालकांना घड्याळावर चालणारे मजूर हवे झाले, आणि जत्रेच्या दिवशी कामगार गायब होतात म्हणून कुरकुर सुरू झाली. दंड झाले, दमदाटी झाली, तरी जत्रेच्या दिवशी माग ओस पडायचे ते पडायचेच. अखेर मालकांनी व्यवहार पाहिला. चारदोन माणसे रोज गैरहजर राहण्यापेक्षा सगळ्या गिरण्या एकदम बंद ठेवाव्यात, यंत्रांची दुरुस्ती उरकावी आणि उरलेले वर्षभर नियमित हजेरी घ्यावी, हे त्यांनाही परवडणारे होते. अशा रीतीने एक-दोन दिवसांची जत्रा वाढत वाढत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बऱ्याच शहरांत आठवड्याची सुट्टी झाली.

तारीख चर्चने ठरवली, वाट रेल्वेने दाखवली. १८४६ मध्ये ब्लॅकपूलला रुळांचा फाटा पोहोचला. १८५१ च्या शिरगणतीत तिथली वस्ती जेमतेम अडीच हजारांची होती, १९०१ मध्ये ती सुमारे ४७ हजार झाली. १८६३ मध्ये समुद्रात शिरणारा पहिला लोखंडी धक्का उघडला, १८७९ मध्ये रस्त्यावर विजेचे दिवे लागले, १८८५ मध्ये विजेची ट्राम धावू लागली आणि १८९४ मध्ये ५१८ फूट उंचीचा मनोरा उभा राहिला. १८७९ मध्येच ब्लॅकपूलच्या नगरपालिकेने संसदेकडून एक मुलखावेगळा अधिकार मिळवला. गावाच्या जाहिरातीसाठी स्थानिक कर लावण्याचा तो अधिकार होता. त्या पैशातून छापलेली रंगीत भित्तिपत्रके गिरणगावांच्या स्टेशनांवर झळकत.

पण भित्तिपत्रक पाहून हुरूप आला तरी पैसे कुठून आणायचे? सुट्टीचा आठवडा म्हणजे बिनपगारी आठवडा. प्रवास आणि खोलीचा खर्च तर होताच, शिवाय मागे राहिलेल्या घराचे भाडेही चुकत नव्हते. यावर तोडगा निघाला तो सुट्टीच्या बचत मंडळांचा. गिरणीत, चर्चमध्ये, दारूच्या गुत्त्यात, गल्लीत, जिथे चार माणसे रोज भेटत तिथे असे मंडळ असे. दर आठवड्याला काही पेन्या किंवा एखाददुसरा शिलिंग भरायचा, कार्डावर नोंद करून घ्यायची आणि जत्रेच्या तोंडावर सगळी रक्कम उचलायची. सहकारी दुकानांचाही हातभार लागे. १८४४ मध्ये रॉचडेलच्या कामगारांनी काढलेल्या दुकानाने खरेदीच्या प्रमाणात नफा वाटण्याचा पायंडा पाडला होता. चहा-साखरेच्या खरेदीवर मिळालेला तो लाभांश अनेक घरांत सुट्टीसाठी राखून ठेवला जाई.

ही बचत जमण्यामागचे आणखी एक कारण फारसे सांगितले जात नाही, आणि ते सर्वांत महत्त्वाचे आहे. लँकेशायरच्या गिरण्यांत बायका मोठ्या संख्येने माग चालवत. वडील, आई आणि हाताशी आलेली मुले अशा तीन-चार कमाया एका चुलीवर येत. कोळशाच्या खाणींच्या गावांत बायकांना रोजगार कमी, त्यामुळे तिथे अशी बचत अवघड जाई. पैसा कुठे वळवायचा हे बहुतेक घरी आईच्या हाती असे. ब्लॅकपूलचा मनोरा भागधारकांच्या भांडवलावर उभा राहिला खरा, पण त्याची तिकिटे खपली ती या बायकांनी वर्षभर बाजूला टाकलेल्या चिल्लरीवर.

ब्लॅकपूलमध्ये या कुटुंबांना उतरवून घेणाऱ्याही बायकाच होत्या. तिथल्या घरमालकिणींवर जॉन वॉल्टन या इतिहासकाराने १९७८ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले. यांतल्या कित्येकजणी स्वतः गिरणगावांतून आलेल्या होत्या. ओळीने बांधलेल्या विटांच्या घरातली खोली त्या आठवड्याने भाड्याने देत. शिधा पाहुण्यांनी आणायचा, मालकिणीने तो शिजवून द्यायचा. म्हणून ट्रंकेत कपड्यांच्या जोडीला पीठ, चहा, खारवलेले मांस असे. फडताळात प्रत्येक कुटुंबाचे जिन्नस वेगळे ठेवायचे, कुणाचे बटाटे कुणाच्या ताटात जाऊ द्यायचे नाहीत आणि जेवणाची वेळ झाली की पाच-सहा कुटुंबांची वेगवेगळी पाने एकाच चुलीवरून वाढायची, ही कामगिरी लहान नव्हती. टेबलावरच्या मीठ-मिरी-व्हिनेगरच्या कुप्यांचे वेगळे पैसे लागत. गर्दीच्या आठवड्यात एका पलंगावर तिघे-चौघे झोपत. तरीही निघताना पुढच्या वर्षीची तीच खोली सांगून ठेवणारी घराणी होती.

प्रत्येक शहराची जत्रा वेगळ्या आठवड्यात येई, हा या सगळ्या व्यवस्थेचा कणा. बोल्टनची जूनच्या अखेरीस, बर्नलीची जुलैत, ओल्डहॅमची ऑगस्ट संपताना. एक गाव खोल्या रिकाम्या करी, दुसरे येऊन उतरे. त्यामुळे ब्लॅकपूलचा हंगाम उन्हाळाभर लांबला आणि धक्के, नाट्यगृहे, नाचाची दालने यांत पैसा गुंतवणे फायद्याचे ठरले. वाळूवर शेजारी भेटत ते आपल्याच गल्लीतले. काहींना हे गुदमरवणारे वाटत असेल, पण पहिल्यांदा समुद्र पाहणाऱ्या माणसाला ओळखीच्या चेहऱ्यांचा केवढा धीर वाटला असेल!

१९३७ च्या सुमारास टॉम हॅरिसन यांच्या ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या संस्थेने बोल्टनच्या कामगारांचे रोजचे जगणे टिपायला घेतले, तेव्हा निरीक्षक त्यांच्यामागोमाग ब्लॅकपूललाही गेले. हंफ्री स्पेंडर यांनी तिथे काढलेल्या छायाचित्रांत कोट-टोपी घालून वाळूवर बसलेली माणसे दिसतात. १९३८ मध्ये पगारी सुट्टीचा कायदा झाला, पण त्याच्या आधी दोन पिढ्या ही माणसे स्वतःच्या खिशातून सुट्टी घेत आली होती.

तोवर त्या खिशालाच भोक पडू लागले होते. ओल्डहॅमच्या ‘प्लॅट ब्रदर्स’ने बनवलेली यंत्रे मुंबईच्या गिरण्यांतही फिरत होती आणि लँकेशायरचे कापड घेणारी हिंदुस्थानची बाजारपेठ आटत चालली होती. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी लँकेशायरमधल्या डार्वेनला जाऊन कामगारांना भेटले, ते विदेशी कापडावरच्या बहिष्काराची झळ बसलेल्या लोकांसमोर आपली बाजू मांडायला. दुसऱ्या महायुद्धानंतर गिरण्या भराभर बंद पडल्या. मोटारी आल्या, पुढे स्पेनच्या स्वस्त विमान सहली आल्या. १९६४ मध्ये ब्लॅकपूलचे मध्यवर्ती स्टेशन बंद झाले.

भोंगे थांबल्यावरही जत्रेचा आठवडा काही काळ शाळांच्या वेळापत्रकात तग धरून राहिला. देशभराचा अभ्यासक्रम आणि परीक्षा एकसारख्या झाल्यावर तोही एकेका शहरातून निघाला. आता इंग्लंडमध्ये शाळांच्या सुट्ट्या साधारण एकाच वेळी पडतात आणि ऑगस्टमध्ये विमानाची तिकिटे, हॉटेलांची भाडी कडाडली की पालक चिडतात. सुट्ट्या भागाभागाने वेगवेगळ्या ठेवाव्यात, अशी सूचना मग अधूनमधून पुढे येते. तिच्या बाजूने बोलणाऱ्यांना लँकेशायरच्या जुन्या जत्रांच्या यादीत तयार नमुना सापडेल.