काडेपेटीच्या काड्यांतून अभियांत्रिकीचे धडे

काडेपेटीतील काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हला लागणारी बारीक रबरी नळी, एवढ्याच साहित्यातून विद्यार्थ्यांना रचना अभियांत्रिकीची मूलतत्त्वे शिकविणारा उपक्रम ‘मॅचस्टिक मेकॅनो’ या नावाने ओळखला जातो. कानपूर येथील आयआयटीचे पदवीधर अरविंद गुप्ता यांनी १९७८ मध्ये तो विकसित केला. त्या वेळी पुण्यातील टेल्को कंपनीतून वर्षभराची रजा घेऊन ते होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात सहभागी झाले होते.

मध्य प्रदेशातील होशंगाबाद, म्हणजेच आताच्या नर्मदापुरम जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ शाळांतून या कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकणे, हे त्याचे सूत्र होते.

मेकॅनोसाठी काड्यांचे गुल खरवडून काढले जाते आणि नळीचे लहान तुकडे केले जातात. तुकड्याच्या दोन्ही टोकांत काड्या बसविल्या की लवचीक सांधा तयार होतो. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी त्याचा आकार बदलत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच कलतो. त्यात कर्णरेषेवर एक लांब काडी जोडताच तोही स्थिर होतो. पूल, छपरांच्या कैच्या आणि विजेचे मनोरे यांच्या सांगाड्यांत त्रिकोण का असतात, याचे उत्तर विद्यार्थ्याला स्वतःच्या हातांनी मिळते. नळीला सुईने छिद्र पाडून तिसरी काडी ओवल्यास घनाकृतीही उभारता येतात.

याच धर्तीवर एक सेल, दोन सेफ्टी पिना, चुंबक आणि लेप असलेली तांब्याची तार यांपासून विद्युत मोटार बनविता येते. तारेच्या टोकावरील लेप एका बाजूने शिल्लक ठेवल्याने प्रत्येक फेरीत काही क्षण प्रवाह खंडित होतो आणि वेटोळे फिरत राहते.

होशंगाबाद कार्यक्रमात साहित्याइतकेच महत्त्व शिक्षकांच्या प्रशिक्षणाला होते. परीक्षेत पुस्तक पाहण्यास मुभा होती आणि प्रयोगांचीही परीक्षा घेतली जात असे. राज्य शासनाने २००२ मध्ये हा कार्यक्रम बंद केला. गुप्ता यांनी पुढे पुण्यातील आयुका संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंपासून वैज्ञानिक खेळणी बनविण्याचे कार्य सुरू ठेवले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

कृतीतून शिक्षणाचा पुरस्कार २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही केला आहे. काड्या आणि नळी कोणत्याही गावात मिळतात. तथापि प्रशिक्षित शिक्षक, प्रयोगासाठी तासिका आणि समज तपासणारी परीक्षा यांची जोड मिळाल्याखेरीज असे प्रयोग वर्गात रुजत नाहीत, हा होशंगाबादच्या तीन दशकांच्या अनुभवाचा बोध आहे.