नवं आलं तरी जुनं ठेवा

आपल्यासारख्या आयटीवाल्यांना रिलीजचं एकच गणित पाठ असतं. जुनी व्हर्जन काढली, नवी चढवली, तासभर लॉग बघितले, कोणी ओरडलं नाही तर घरी! बँकेचं ॲप वापरणाऱ्याला काल कुठली व्हर्जन होती याच्याशी काही देणंघेणं नसतं. पण संशोधन संस्थांच्या क्लस्टरवर हेच गणित उलटं चालतं. ते तसं का, याचा इतिहास मला फार रंजक वाटतो.

क्लस्टर म्हणजे एकमेकांना जोडलेली शेकडो मशीन्स आणि त्यांवर कामं टाकणारे शेकडो संशोधक. सॉफ्टवेअर मात्र सगळ्यांत मिळून एकदाच बसवलेलं, सामायिक डिस्कवर. एकाला परवा आलेली व्हर्जन हवी असते, कारण त्याला छळणारा बग त्यात सुटलाय. दुसरी तीन वर्षं एकाच व्हर्जनवर आकडे काढतेय आणि प्रबंध हातावेगळा होईपर्यंत कोणी काही हलवू नये अशी तिची इच्छा. दोघांचंही बरोबर.

आता कोणी म्हणेल, अपडेटने असं काय आभाळ कोसळतं? तर २०१२ साली 'प्लॉस वन' या नियतकालिकात आलेला एक अभ्यास बघा. फ्रीसर्फर हे सॉफ्टवेअर एमआरआयच्या चित्रांवरून मेंदूच्या भागांचं आकारमान मोजतं. अभ्यासकांनी तीच माणसं, तेच स्कॅन घेतले आणि फक्त व्हर्जन बदलली. ५.०.० आणि तिच्या आधीच्या दोन व्हर्जन्स यांच्या उत्तरांत आकारमानाचा फरक सरासरी ८.८ टक्के निघाला, तर मेंदूच्या बाह्य थराच्या जाडीचा २.८ टक्के. नुसती मॅकची ऑपरेटिंग सिस्टिम १०.५ वरून १०.६ केली तरी उत्तर हललं, फरक त्याहून कमी एवढंच. म्हणजे अर्धे रुग्ण अपडेटच्या आधी आणि अर्धे नंतर मोजले, तर आजाराने मेंदू आकसला की सॉफ्टवेअरने, हे कोण सांगणार? अभ्यासाचा निष्कर्ष सरळ होता: काम मध्यावर असताना अपडेट करू नका.

पण ॲडमिनने करायचं काय? सगळ्यांसाठी थांबून राहायचं? यावरचा पहिला चांगला तोडगा १९९१ चा. युनिक्समध्ये कुठला प्रोग्रॅम चालवायचा हे 'पाथ' नावाच्या व्हेरिएबलवर ठरतं. त्यासाठीच्या ओळी लोक एकमेकांच्या फायलींतून उचलून आपल्या फायलीत चिकटवायचे, आणि एखादी डिरेक्टरी हलली की सगळ्यांचंच बंद पडायचं. सन मायक्रोसिस्टिम्सच्या जॉन फर्लानी यांनी त्या वर्षी सॅन डिएगोला, सिस्टिम ॲडमिन लोकांच्या 'लिसा' परिषदेत 'मॉड्यूल्स' नावाची कल्पना मांडली. प्रत्येक व्हर्जन वेगळ्या डिरेक्टरीत ठेवायची, तिच्यासाठी एक छोटी फाइल लिहायची, आणि वापरणाऱ्याने फक्त 'मॉड्यूल लोड' असं म्हणायचं. नको झालं की 'अनलोड'.

यातली गंमत सांगायलाच हवी. युनिक्समध्ये पोरगी प्रोसेस आईचं एन्व्हायर्नमेंट बदलू शकत नाही. मग हा प्रोग्रॅम शेलचा पाथ बदलणार कसा? तो स्वतः काहीच बदलत नाही! शेलने काय करावं ते शेलच्याच भाषेत छापतो, आणि शेल ते वाचून अमलात आणतं. ही युक्ती आजही जगभरच्या क्लस्टर्सवर चालते.

दोन व्हर्जन्स शेजारी शेजारी नांदू लागल्या. पण त्या बांधायच्या कोणी? प्रत्येक सॉफ्टवेअरच्या मागे डझनावारी लायब्रऱ्या, त्या प्रत्येकीच्या व्हर्जन्स, वर कंपायलर वेगवेगळे. हे हाताने करता करता ॲडमिन मेटाकुटीला यायचे. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातून २०१२ मध्ये खुलं झालेलं 'ईझीबिल्ड' आणि अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत २०१३ मध्ये सुरू झालेलं 'स्पॅक' ही त्यावरची उत्तरं. बांधणीची कृतीच लिहून ठेवायची, म्हणजे वर्षभराने दुसऱ्या कोणालाही तीच भट्टी जमते.

उरला प्रश्न पोचवण्याचा. तो सर्वांत मोठा होता सर्नपुढे. एलएचसीच्या प्रयोगांची गणितं ४० हून अधिक देशांतल्या १५० हून जास्त केंद्रांवर चालतात. आपल्या कुलाब्याची टीआयएफआर त्यातलीच, सीएमएस प्रयोगासाठी. सुरुवातीला नवी रिलीज आली की प्रत्येक केंद्रावर खास जॉब पाठवून ती तिथल्या सामायिक डिस्कवर बसवावी लागे. एक रिलीज म्हणजे हजारो बारीक फायली. हजारभर जॉब एकदम सुरू झाले आणि सगळ्यांनी त्या फायली मागितल्या की सर्व्हर मान टाकायचा. कुठे रिलीज अर्धवटच बसायची.

२००८ च्या सुमारास सर्नमध्ये 'सर्नव्हीएम फाइल सिस्टिम'वर काम सुरू झालं. रिलीज एकाच जागी बसवायची, आणि बाकीच्यांना ती आपल्याच डिस्कवर असल्यासारखी दिसते. फाइल खरोखर उघडली तरच साध्या एचटीटीपीवरून येते आणि जवळच्या कॅशमध्ये राहते. प्रत्येक फाइलची ओळख म्हणजे तिच्या मजकुराचा हॅश. त्यामुळे वाटेत काही बिघडलं तर लगेच कळतं, आणि दोन रिलीजमध्ये न बदललेली फाइल एकदाच साठते. म्हणून जुन्या रिलीज ठेवणं स्वस्त झालं. माझ्या मते खरी क्रांती हीच. नवं लवकर पोचतं हे ठीकच, पण जुनं पुसायची घाई उरली नाही.

अर्थात जुनं कायम फुकट राहत नाही. खालची ऑपरेटिंग सिस्टिम म्हातारी होते, सुरक्षेचे पॅच बंद होतात. सर्नमध्ये वर्षानुवर्षं वापरलेल्या सायंटिफिक लिनक्स ६ चा आधार नोव्हेंबर २०२० मध्ये संपला. मग जुन्या रिलीज कंटेनरमध्ये घालून चालवाव्या लागतात. म्हणजे जुनं जपणं हेही कामच, फक्त त्याची बातमी होत नाही.

असो. तुमच्या ओळखीत कोणी पीएचडी करत असेल तर भेटल्यावर "कधी संपतंय?" असं विचारू नका. "कुठल्या व्हर्जन्सवर आकडे काढलेस ते लिहून ठेवलंयस ना?" एवढंच विचारा. चेहरा बघून उत्तर कळेल.